अनुदानाबाहेरचा खर्च

अक्कलकोट तालुक्यातलं दुधनी म्हणजे कर्नाटकाच्या सीमेला टेकलेली तुरीची बाजारपेठ. नगरपरिषद असल्यामुळे घरकुलाच्या हिशेबात ते शहर ठरतं. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला इथे प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात. हद्द ओलांडून शेजारच्या खेड्यात गेलं की ग्रामीण योजना लागू होते. तिचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. राज्याने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. सिमेंट, सळई आणि गवंडी मात्र दोन्हीकडे एकाच बाजारातून येतात.

शहरी योजनेचे अडीच लाख २०१५ साली ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, तेव्हाही स्वतःच्या जागेवरच्या घरासाठीचा केंद्राचा वाटा दीड लाखच राहिला. मधल्या नऊ वर्षांत सळईचा भाव कुठून कुठे गेला, हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. घरकुल ३० चौरस मीटरचं धरलं, तर ते ३२३ चौरस फूट होतं. अडीच लाखांना त्याने भागलं तर फुटाला पावणेआठशे रुपयेही पडत नाहीत. फुटाला १,५०० हा हात राखून धरलेला दर घेतला, तरी घर ४ लाख ८४ हजारांवर जातं. वरचे सव्वादोन-अडीच लाख कुटुंब कुठून आणतं? सोनं मोडतं, बचत गटाकडून उचलतं की अडत्याकडून? आपल्या कुठल्याच तक्त्यात याला रकाना नाही. पाया, जोता, छत अशा टप्प्यांचे जिओटॅग केलेले फोटो आहेत, हप्त्यांच्या तारखा आहेत. घर पूर्ण झालं की संगणकावर ते ‘पूर्ण’ दिसतं. त्यापायी झालेलं कर्ज कुठेच दिसत नाही.

परवडणं हे उत्पन्न आणि खर्च यांच्या प्रमाणावर ठरतं आणि आपण मोजतो भिंती. जनगणनेच्या घरयादीत छत, भिंत, फरशी, खोल्या, विवाहित जोडपी, घर मालकीचं की भाड्याचं, सगळं विचारतात. भाडं किती, हे विचारत नाहीत. २०१२ पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात तर ग्रामीण भागासाठी घरभाड्याचा गटच नव्हता.

छताच्या रकान्याचंही बघा. सोलापूरकडचं जुनं माळवद म्हणजे हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचं धाबं. नोंदीत भिंत पक्की, छत कच्चं. उन्हाळ्यात पारा ४२ वर गेला की पत्र्याच्या ‘सुधारित’ खोलीपेक्षा हेच घर सुसह्य असतं. पावसात ते गळतं, हेही खरं. धाब्याच्या दुरुस्तीला लागेल तो खर्च नव्या घरापेक्षा कितीतरी कमी. पण आपली योजना नव्या बांधकामाला पैसे देते, धाबं नीट करायला देत नाही.

ज्याच्या नावावर जागाच नाही त्याचं काय? बाजार समितीतला हमाल भाड्याच्या खोलीत राहतो, भावाभावांचा उतारा सामायिक असतो. अशांना वैयक्तिक घरकुल मिळणं कठीण. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात ३० हजार असंघटित कामगारांसाठी वसाहत उभी राहिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली १५ हजार घरं हाती दिली गेली. पण त्यामागे विडी कामगारांची अनेक वर्षांची संघटना होती आणि माळरानाची सलग जमीन होती. दुधनीच्या हमालामागे दोन्ही नाहीत. तिथे भागीदारीतला गृहप्रकल्प घेऊन कोणी विकासक येईल, हे आम्हाला संभवनीय वाटत नाही. छोट्या नगरपरिषदांनी ताब्यातल्या जागेवर भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा घटक आहेच.

नव्या सर्वेक्षणाची वाट पाहायला नको. नगरपरिषदांतल्या अभियंत्यांना आणि योजनेच्या सल्लागारांना आमची विनंती एवढीच: शेवटचा हप्ता सोडताना लाभार्थ्याला तीन गोष्टी विचारा. एकूण खर्च किती झाला, वरचे पैसे कोणत्या व्याजाने आणले, बांधकाम चालू असताना भाडं किती भरलं. उत्तरं फाइलला लावा आणि नावं वगळून एक प्रत आमच्याकडे पाठवा. अशी माहिती आम्ही नगरपरिषदवार छापू.