छेद लहान, प्रश्न मोठा

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली आणि परिसरातील कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे न्यायालयाने सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांना त्यातून अपवाद करण्यात आला. या काळात श्वानप्रेमी आणि श्वानत्रस्त असे दोन्ही पक्ष कंठशोष करीत होते. ज्या शस्त्रक्रियेवर ही सारी व्यवस्था उभी आहे, तिच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

मादी कुत्रीचे निर्बीजीकरण ही पोट उघडण्याची शस्त्रक्रिया आहे. पोटाच्या मध्यावर किंवा कुशीत छेद घेऊन अंडाशय, आणि बहुतेकदा गर्भाशयही, काढले जाते. अंडाशय शरीरात खोलवर घट्ट बंधाने जखडलेले असते. ते ओढून छेदापर्यंत आणावे लागते आणि वेदनेचा मोठा भाग या ओढाताणीतूनच येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ही ओढाताण टळते. काही मिलिमीटरच्या दोन-तीन छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत जातात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते आणि रक्तवाहिन्या विद्युत उपकरणाने आतल्या आत बंद केल्या जातात. माणसाचे पित्ताशय काढण्याची जी पद्धत शहरी वाचकांना परिचित आहे, तिचेच हे भावंड.

याचा कुत्रीला खरोखर किती लाभ होतो? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा किलोहून कमी वजनाच्या कुत्र्यांच्या अंगावर हालचाल मोजणारे यंत्र बांधण्यात आले होते. खुल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची हालचाल सुमारे ६२ टक्क्यांनी घटली, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे २५ टक्क्यांनी. कुत्र्यांची संख्या थोडी होती, हे खरे. पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. या पद्धतीला अनेकदा वेळ अधिक लागतो, यंत्रसामग्री महाग पडते, वायूच्या दाबामुळे भूल देताना श्वसनावर बारीक लक्ष ठेवावे लागते आणि पहिले छिद्र पाडताना प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो. खर्च परवडत असेल आणि डॉक्टर सरावलेला असेल, तर घरच्या कुत्रीसाठी ही पद्धत निवडण्यात काहीच वावगे नाही.

खरी विसंगती पुढेच आहे. घरच्या कुत्रीला शस्त्रक्रियेनंतर मऊ बिछाना मिळतो, जखम चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळे घातले जाते, वेदनाशामक गोळी पेढ्यात घालून भरवली जाते. रस्त्यावरच्या कुत्रीला सोडल्या दिवसापासून चिखल, कचरा आणि इतर कुत्र्यांशी मारामारी. लहान छेदाची निकड सर्वाधिक तिला, आणि तिच्या वाट्याला तो येण्याची शक्यता सर्वांत कमी.

मग महापालिकांनी दुर्बिणी विकत घ्याव्यात काय? हिशेब मोहात पाडणारा आहे. शस्त्रक्रियेनंतर कुत्रीला साधारण तीन ते पाच दिवस पिंजऱ्यात ठेवतात. समजा, केंद्रात ४० पिंजरे आहेत आणि मुक्काम चार दिवसांचा, तर दिवसाला दहाच कुत्री घेता येतात. मुक्काम निम्म्यावर आला तर वीस. परंतु हा हिशेब कागदावरचा आहे. दिवसाला वीस शस्त्रक्रिया करायच्या, तर प्रत्येक मिनिट मोलाचे. तिथे सावकाश चालणारी पद्धत कामी येत नाही. शिवाय वीस कुत्री पकडून आणणारी गाडी आणि माणसे लागतात, ती वेगळीच. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री आढळली होती. कुत्री वर्षाला साधारण दोनदा माजावर येते आणि गर्भकाळ जेमतेम ६३ दिवसांचा. काम रेंगाळले की नवी पिढी रस्त्यावर येते आणि आधीचे श्रम वाया जातात.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते या दोहोंमधील वाट अधिक व्यवहार्य आहे. सरावलेला शल्यविशारद साध्या आकड्याच्या साह्याने दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातूनही हे काम उरकतो. छेद कुशीत घेतला तर जखम लांबूनही दिसते, जवळ न येणाऱ्या कुत्रीच्या बाबतीत हे सोयीचे. टाके आतल्या आत विरघळणारे घातले, की ते काढण्यासाठी पुन्हा पकडण्याचा प्रश्न उरत नाही. यासाठी कॅमेरा नव्हे, तर निर्जंतुक अवजारे, योग्य भूल, पुरेसे वेदनाशामक आणि मुख्य म्हणजे शिकलेला हात हवा.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. निर्बीजीकरणाचा आढावा मात्र सहसा ‘किती शस्त्रक्रिया झाल्या’ या एकाच आकड्यावर संपतो. किती जखमा चिघळल्या, किती कुत्री पुन्हा उपचारासाठी आणावी लागली, हे आकडेही महापालिकांनी दरमहा जाहीर करावेत, अशी मागणी नगरसेवकांना सहज करता येईल. त्यासाठी तर नवी यंत्रेही लागत नाहीत.