शेवटचा तुकडा इतका महाग का?

जमीन घेरण्याच्या व्हिडिओ गेमचा एक ठरलेला जाच आहे. पहिला अर्धा पडदा हां हां म्हणता ताब्यात येतो. सत्तर टक्क्यांच्या पुढे मात्र प्रत्येक तुकड्यासाठी जीव मेटाकुटीला येतो. गेम बनवणारे याला आव्हान म्हणतात. मला तो बऱ्याचदा चुकलेला हिशेब वाटतो.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ताइतोचा १९८१ सालचा ‘क्विक्स’. कडेवरून निघायचं, मोकळ्या जागेत रेघ ओढत पुन्हा कड गाठायची. घेरलेला भाग तुमचा. मधे रंगीत रेघांचं एक जुडगं वेडंवाकडं भिरभिरत असतं, तोच क्विक्स. तो अर्धवट रेघेला शिवला की एक जीव गेला. रेघ ओढताना थबकलात तर मागून वात पेटत येते, कडेवर रेंगाळलात तर ठिणग्या गाठतात. एवढं असूनही गेम अन्यायी वाटत नाही, कारण हाव किती धरायची हे खेळणारा ठरवतो. रेघ भरभर ओढली तर धोका कमी. सावकाश ओढली तर गुण दुप्पट. तिसऱ्या पातळीपासून दोन क्विक्स येतात, पण त्यांच्या मधोमध रेघ मारून दोघांना वेगळं केलं की पातळी तिथल्या तिथे संपते, वर पुढच्या गुणांचा भाव वाढतो. धोका आहे, तसा त्याचा मोबदलाही आहे.

गोम टक्क्यांत आहे. पातळी पार करायला साधारण ७५ टक्के जागा लागते. पण हा आकडा ५० ते ९० च्या दरम्यान बदलायची सोय नाण्यावर चालणाऱ्या यंत्राच्या मालकाच्या हातात होती. ७५ चे ९० केले तर वाढ पंधराचीच दिसते. क्विक्सच्या बाजूने पाहा: शेवटी त्याच्याकडे पाव पडदा उरायचा, तिथे आता जेमतेम एक दशांश उरतो. तेवढ्याशा जागेत तो धुमाकूळ घालणार आणि तुम्ही तिथेच रेघ ओढणार. इथे कौशल्य बाजूला राहतं आणि नशीब खेळू लागतं. नाणी मोजणाऱ्याला खेळ लवकर संपलेला सोयीचाच.

हिशेब जमतो, हे १९९२ च्या ‘जेझबॉल’ने दाखवलं. मायक्रोसॉफ्टच्या करमणूक संचातला हा गेम अनेकांनी विंडोजवर खेळला असेल. तिथेही ७५ टक्केच. दर पातळीला एक चेंडू वाढतो, पण त्याबरोबर एक जीवही वाढतो. शिवाय भिंत दोन्ही बाजूंना वाढत जाते. एका अर्ध्या भागाला चेंडू लागला तरी दुसरा अर्धा टिकू शकतो. चूक केली तर फटका बसतो, पण सगळं मुसळ केरात जात नाही.

फोनवरच्या अनेक गेमनी नेमकं हेच सोडून दिलं आहे. शत्रूचा वेग वाढवायचा, टक्के वाढवायचे आणि मेलात की जाहिरात बघून जीव विकत घ्या म्हणायचं. नाण्याची जागा जाहिरातीने घेतली, एवढाच फरक. अशा गेममध्ये हाव खेळणाऱ्याची राहत नाही, ती त्याच्यावर लादली जाते.

टक्के जरूर वाढवा, पण त्याच मापात जीव, पळवाट किंवा गुणही वाढवा. ते जमत नसेल तर ७५ वर थांबा. चाळीस वर्षांपूर्वीचा तो आकडा अजून पुरेसा अवघड आहे.