सुरकुत्यांखाली नाव लिहा

फोटोस्पर्धेला ‘ग्रामीण जीवन’ असा विषय दिला की काय काय येणार, हे परीक्षकाला आधीच ठाऊक असतं. लाल फेटा आणि खोल सुरकुत्यांचे एक आजोबा. धूळ उडवत परतणारी गुरं आणि मागे मावळता सूर्य. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, तीही पाठमोरी. अलीकडे ड्रोनची भर पडली आहे, त्यामुळे वरून दिसणारी हिरवी चौकटीचौकटींची शेतंही असतात. फोटो सगळे देखणे. पण यातला कोणता फोटो कोणत्या तालुक्यातला ते ओळखा म्हटलं, तर पंचाईत होते. विदर्भातले आजोबा आणि आमच्या संगमनेर तालुक्यातल्या निमोणचे आजोबा त्या फोटोंत सख्खे भाऊ दिसतात.

संगमनेरची अडचण त्याहून मोठी. गळ्यात कॅमेरा अडकवून पुण्याहून निघालेला पाहुणा आमच्याकडे थांबतच नाही. त्याला अकोले तालुका गाठायचा असतो. भंडारदरा, रंधा, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, पावसाच्या तोंडावर काजवे. संगमनेर म्हणजे वाटेतला चहा, आणि महामार्ग गावाबाहेरून गेल्यापासून तोही चुकतो. प्रवरा नदीचे धबधबे वरच राहतात. आमच्याकडे येईपर्यंत ती कामाला लागलेली असते. ओझरच्या बंधाऱ्यावर तिचं पाणी कालव्यांत वाटलं जातं, पुढे त्याचा ऊस होतो, दूध होतं, डाळिंब होतं. या गावाचा स्वभावच कष्टाचा आणि व्यवहाराचा. देखाव्याचा फोटो निघतो, स्वभावाचा कसा काढायचा?

याचं उत्तर मला छायाचित्रकार संदेश भंडारे यांच्या कामात सापडतं. ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे त्यांचं छायाचित्रांचं पुस्तक २००६ साली आलं. तमाशाचे फोटो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नऊवारी, चाळ आणि गिरकी येते. भंडारे फडांबरोबर फिरले आणि कॅमेरा घेऊन मागच्या बाजूला गेले. आरशाच्या तुकड्यापुढे रंग चढवणारे चेहरे, कनातीआडचा संसार, प्रवास, थकवा, झोप. स्टेजवरची अदा कोणत्याही रात्री, कोणत्याही जत्रेत टिपता येते. हे जग टिपायचं तर तिथे राहावं लागतं आणि माणसांनी आपल्याला राहू द्यावं लागतं.

संगमनेरकरांना हे वेगळं सांगायला नको. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांचा फड हा आपल्याच गावचा. दसऱ्याला फड बाहेर पडतात, चैत्रात नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कांताबाई मे २०२१ मध्ये, करोनाच्या लाटेत गेल्या. त्यांचे निदान फोटो तरी आहेत. शाहीर अनंत फंदींच्या बाबतीत तेवढंही नशीब नाही. शाहिरांचा जन्म याच गावात १७४४ साली झाला आणि १८१९ साली ते गेले. फोटो काढण्याची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली १९ ऑगस्ट १८३९ला. वीस वर्षांनी हुकलं. फंदी डफावर थाप मारताना कसे उभे राहत, समोर कोण बसत असे, हे आता कल्पनेनेच रंगवायचं.

वारीचंही तसंच पाहता येतं. उद्धव ठाकरे यांनी ‘पहावा विठ्ठल’मध्ये वारी आकाशातून टिपली. वरून माणसांची नदी दिसते आणि तिचा आवाका कळतो. भंडारेंच्या ‘वारी : एक आनंदयात्रा’मध्ये कॅमेरा जमिनीवर चालतो. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी ठीक. पण निवृत्तिनाथांची पालखी आपल्या तालुक्यातल्या पारेगावात येते तेव्हा कुणाच्या ओट्यावर कोण टेकतं, पिठलं कोण ढवळतं, पायाला तेल कोण चोळतं, ते वरून दिसत नाही.

लांबून काढलेल्या फोटोंचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांनीही त्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. पुढे विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात त्याने एक खटाटोप केला. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि नंतर ते दुसऱ्याच देखाव्यावर बसवायचे. मथळ्यात जात असे, माणूस नसे. आपण त्याला हसतो, पण आजच्या स्पर्धेतल्या आजोबांच्या फोटोखाली ‘कष्ट’ किंवा ‘निरागस’ असं लिहितो, तेव्हा आपण तरी वेगळं काय करतो? जॉन्सनने जात लिहिली, आपण भाववाचक नाम लिहितो. आजोबांना नाव दोघांनीही दिलं नाही.

आता आपल्या गावाकडे या. विड्या वळणारी बाई अजून दिसते. मांडीवर सूप, सुपात एकीकडे तंबाखू, दुसरीकडे ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, वळायचं, तोंड नखाने आत दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. तोंडाने शेजारणीशी गप्पा चालू, पोरावर ओरडणं चालू, बोटं मात्र थांबत नाहीत. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे थांबणं परवडतही नाही. तिला ‘मावशी, इकडे बघा, थोडं हसा’ म्हटलं की काम थांबतं, आणि फोटो येतो तो पाहुण्यांसमोर अवघडून बसलेल्या बाईचा. संगमनेर पाहायचं तर तंबाखूने तपकिरी झालेली तिची बोटं पाहा. आणि त्यासाठी तास दोन तास तिच्या ओट्यावर, तिला आपला विसर पडेपर्यंत बसा.

संगमनेरी शेळी घ्या. गावाचं नाव देशभर नेणारी ही जात, राहुरीच्या कृषी विद्यापीठात तिच्यावर काम चालतं. पुस्तकातल्या फोटोत ती आडवी उभी असते, पांढरी, शिंगं मागे झुकलेली, आजूबाजूला काही नाही. शास्त्राला तेवढं पुरे. तालुका कळायला मात्र दावं कुणाच्या हातात आहे ते दिसायला हवं. घरी ते बहुतेक वेळा बाईच्या हातात असतं, बाजारात सौद्याच्या वेळी पुरुषाच्या. हे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, तर त्यावर वेगळा लेख लिहायची गरज नाही.

म्हणून माझं मत असं, की एखाद्या प्रदेशाचा फोटो चांगला काढायला महागडी लेन्स फारशी उपयोगी पडत नाही. वेळ काढावा लागतो, ओळख वाढवावी लागते. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांकडे ती ओळख होती. लग्न, बारसं, शाळेचा गट, सोसायटीची सभा, सगळं त्यांनी टिपलं. कॅमेऱ्यासमोरचा प्रत्येक माणूस त्यांना नावानिशी माहीत असायचा. आता स्टुडिओ बंद पडतात आणि निगेटिव्हची पाकिटं रद्दीत निघतात. आपल्या कॉलेजांनी किंवा वाचनालयांनी ती पाकिटं मागून घेतली, तर शंभर स्पर्धांत मिळणार नाही असं संगमनेर हाती लागेल.

तोवर तुम्ही आम्ही करण्यासारखं थोडं आहे. यंदाच्या जत्रेत कुणाचा फोटो काढलात तर आधी विचारा, मग नाव, गाव, काम आणि तारीख टिपून ठेवा, आणि एक प्रत त्या माणसाच्या घरी पोचवा. घरातले जुने अल्बम बाहेर काढा. कोण कोण आहे ते सांगणारी आजी अजून घरात आहे, तोवर प्रत्येक फोटोमागे नावं लिहून घ्या. मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने लिहिलेलं पुढच्या बाजूने उमटतं.