थार्कांचा जेद्दक

आमच्या घरांतील मुलें सुटींत काय वाचतात याची चौकशी करण्याची जुनी खोड आम्हांस अद्याप सुटलेली नाहीं. गेल्या महिन्यांत नातवाच्या उशाखालीं एक इंग्रजी कादंबरी सांपडली. मुखपृष्ठावर चार हातांचा, सुळे असलेला हिरवा राक्षस! जप्त करण्याच्या हेतूनें हातीं घेतली, आणि कबूल करण्यास लाज कसली, दोन रात्री जागून आम्हींच ती संपविली.

एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची ही कथा १९१२ सालीं एका मासिकांत क्रमशः आली व १९१७ सालीं 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नांवानें पुस्तकरूप झाली. मंगळावर कालवे आहेत, अर्थात् ते खणणारेही कोणी असले पाहिजेत, असें पर्सिव्हल लॉवेल या ज्योतिर्विदानें त्या काळीं हिरिरीनें प्रतिपादिलें होतें. १९६५ सालीं 'मरिनर ४' या यानानें जवळून छायाचित्रें घेतलीं, तों कालव्यांच्या जागीं नुसते खळगे! बरोजचा मंगळ, त्याच्या भाषेंत 'बार्सूम', तेव्हांपासून कल्पनेंतच उरला. (आपल्या 'भौम' शब्दाचा हा अपभ्रंश असावा असें नातू म्हणतो, ही व्युत्पत्ति आम्हांस मान्य नाहीं.)

कथेचा नायक जॉन कार्टर आम्हांस फारसा रुचला नाहीं; उड्या फार मारतो. मन वेधून घेतलें तें टार्स टार्कस या थार्क टोळीच्या सेनानीनें. पंधरा फूट उंचीची ही हिरवी जात. ज्यास ठार करावें त्याचा हुद्दा आपण घ्यावा, आणि दुसऱ्याच्या मरणयातना पाहून हंसावें, हीच त्यांची रीत. अंडीं एका बंदिस्त वास्तूंत पांच वर्षें उबवितात. तीं फुटलीं कीं ज्या बाईच्या हातीं जें पोर लागेल तें तिनें वाढवावें. आईबाप कोण हें कोणास ठाऊक नसतें, आणि ठाऊक असणें हाच अपराध.

अशा जातींत टार्स टार्कसनें गोझावा नांवाच्या स्त्रीवर प्रेम केलें. तो दीर्घ मोहिमेवर असतां तिनें आपलें अंडें लपवून उबविलें. मुलगी झाली, सोला. गुपित फुटलें. ताल हाजूस या जेद्दकानें (जेद्दक म्हणजे राजा) गोझावाचा हाल हाल करून वध केला. पित्याचें नांव मात्र तिनें शत्रूस कळूं दिलें नाहीं. टार्स टार्कस परतला तेव्हां जेद्दकानें तें मरण त्यास रंगवून सांगितलें. त्याच्या चेहऱ्यावरची शीरही हलली नाहीं. तो हंसला नाहीं, इतकेंच. पुढें द्वंद्वयुद्धांत त्यानें ताल हाजूसचा प्राण घेतला व तो स्वतः जेद्दक झाला. पण तोंपर्यंत कित्येक वर्षें मुलगी बापास ओळखून होती आणि बापास ती परकी होती.

आम्हांस प्रथम कुंती आठवली, ती शिक्षकी संवयीनें. दुसऱ्या रात्रीं आठवलें तें निराळेंच. आमच्या लहानपणीं वडील माणसांदेखत बापानें स्वतःचें मूल उचलून घेणें हा निर्लज्जपणा समजत. भावाचें मूल खांद्यावर, स्वतःचें जमिनीवर! आमचे तीर्थरूप आजोबांसमोर आम्हांस नांवानें हांकही मारीत नसत. एकदां आम्ही विषमज्वरानें अंथरुणास खिळलों होतों. रात्रीं सारे निजल्यावर कोणी येऊन कपाळावर हात ठेवी, आणि माजघरांत कोणी खोकलें कीं तो हात निघून जाई. आम्ही डोळे मिटून पडत असूं. हात कोणाचा तें आम्ही जाणून होतों, हें तीर्थरूपांस त्यांच्या हयातींत सांगावयाचें राहूनच गेलें.

परवां चिरंजीवांनीं आमच्यादेखत धाकट्या नातीस खांद्यावर घेतलें. आम्हीं पंचांगांत डोकें घातलें.

पुस्तक नातवास परत केलें आहे. सोला आपल्या आईची हकीकत सांगूं लागेल तेथें थांब व आम्हांस हांक मार, एवढें त्यास बजावून ठेविलें आहे.