छायाचित्राची पाठ

जुन्या बाजारात सापडलेल्या परक्या माणसांच्या छायाचित्रांवर आपल्याकडे अलीकडे बरेच हळवे लेखन होऊ लागले आहे. त्याचा साचा एव्हाना वाचकांच्या परिचयाचा झाला असेल. लेखक पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जातो. गंजलेले पाने आणि बंद पडलेले रेडिओ यांच्या शेजारी त्याला एक फाटका अल्बम दिसतो. त्यातील नववारी नेसलेली बाई त्याच्याकडे 'काहीतरी सांगू पाहणाऱ्या' नजरेने बघते. मग लेखक तिला एक नाव, एक दुःख आणि शक्य झाल्यास एक अपुरे प्रेम बहाल करतो, काळाविषयी दोन वाक्ये लिहितो आणि घरी परततो. कवितेत हाच ऐवज बारा ओळींत बसतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'अनोळखी छायाचित्रावरून कथा लिहा' असा स्वाध्याय देणारे अध्यापकही मला ठाऊक आहेत.

या लेखनातील भावुकतेवर माझा आक्षेप नाही. मराठी ललित गद्याला भावुकता नवी नाही आणि तिने फारसे कोणाचे नुकसान केल्याचेही ऐकिवात नाही. माझा आक्षेप आहे तो 'अनोळखी' या शब्दावर. कोणतेही छायाचित्र जन्मतः अनोळखी नसते. ते काढणाऱ्याला माहीत होते, काढून घेणाऱ्याला माहीत होते, ज्या घरातील कपाटात ते पडून होते त्या घरालाही माहीत होते. घरातून पोत्यात, पोत्यातून हातगाडीवर, हातगाडीवरून गोदामात आणि गोदामातून बाजारातल्या प्लॅस्टिकच्या कागदावर असा प्रवास होताना त्याची ओळख टप्प्याटप्प्याने गळत जाते. या साखळीच्या अगदी शेवटी आपला संवेदनशील लेखक उभा असतो, आणि उरलीसुरली ओळख पुसून टाकण्याचे काम तो करतो. फरक इतकाच की भंगारवाला हे काम पोटासाठी करतो.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून नववारीतली बाई क्षणभर बाजूला ठेवू आणि तिच्याइतकी देखणी नसलेली दुसरी छायाचित्रे पाहू. पुण्याच्या बाजारात, आणि त्याहून अधिक पिंपरी-चिंचवड परिसरातील भंगाराच्या दुकानांत, एक प्रकार वारंवार हाती लागतो. कारखान्याच्या शेडसमोर तीन ओळींत उभी-बसलेली वीस-पंचवीस माणसे. मधोमध खुर्चीवर हार घातलेला, श्रीफळ मांडीवर धरलेला निवृत्त होणारा कामगार, शेजारी विभागप्रमुख, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली तरुण मुले, कधी पायाशी पाटी, तिच्यावर विभागाचे नाव आणि साल. या छायाचित्रांवर कोणी कविता करीत नाही. विक्रेतेही ती फारशी पुढे मांडत नाहीत. संस्थानिक, नट, मोटारगाडी किंवा सुंदर स्त्री यांपैकी काही असले तर छायाचित्राला भाव येतो; म्हणूनच अल्बम फोडून एकेक छायाचित्र सुटे विकले जाते. फोडलेल्या अल्बममधून जे उरते ते म्हणजे मशीन शॉप, पेंट शॉप, कँटीन.

आता हे छायाचित्र उलटे करावे. मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का असतो : स्टुडिओचे नाव, 'पिंपरी' किंवा 'चिंचवड स्टेशन'. कधी बॉलपेनने लिहिलेली नावांची यादी असते, 'उभे, डावीकडून' या क्रमाने. कधी नुसता टोकन नंबर. रंगीत छपाई असेल तर कागदाच्या मागे कंपनीची तिरपी छापील अक्षरे असतात, काहींच्या पुढल्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीखही. म्हणजे नाव, स्थळ, काळ, हुद्दा यांपैकी दोन-तीन गोष्टी बहुधा हाताशी असतात. ज्याला आपण 'निनावी' म्हणून कुरवाळतो ते छायाचित्र पुष्कळदा केवळ उलटून न पाहिलेले असते.

आणि ही माणसे किती दूरची आहेत? एखादे छायाचित्र १९८५ सालचे धरले, तर मांडी घालून बसलेला मुलगा आज साठी ओलांडून निगडी प्राधिकरणातील बागेत सकाळी फिरत असेल. बाजारातून त्याच्या घरापर्यंत पीएमपीची एक बस पुरते. अशा माणसाला 'काळाच्या उदरात गडप झालेला चेहरा' म्हणायला लेखणी धजावते तरी कशी? शिकागोच्या व्हिव्हियन मायरची हकीकत छायाचित्रणाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. भाडे थकल्यामुळे तिच्या सामानाचा २००७ मध्ये लिलाव झाला, तिच्या हजारो निगेटिव्हज परक्यांनी विकत घेतल्या, आणि ती स्वतः वारली एप्रिल २००९ मध्ये. म्हणजे 'गूढ, विस्मृत' कलावती म्हणून तिचा शोध लागत होता तेव्हा ती त्याच शहरात हयात होती.

येथे एक नेहमीचा आरोप पुढे येतो : वारसांना बापाची किंमत नाही. हा आरोप करणाऱ्यांनी चिंचवडच्या जुन्या वसाहतीतील दोन खोल्या, पावसाळ्यात बुरशी धरणारे अल्बम आणि पुनर्विकासासाठी महिन्याभरात रिकामे करायचे घर डोळ्यांसमोर आणावे. आपल्या घरांत गेलेल्या माणसाचे एक छायाचित्र हार घालून भिंतीवर लागते; बाकीची कोठे ठेवायची, याची आपल्याकडे काही रीत नाही. काही छायाचित्रे तर हेतुपुरस्सर घराबाहेर काढलेली असतात. मोडलेले लग्न, तुटलेले भाऊबंद. ती उचलून आपण 'वाचवतो' तेव्हा कोणाचा तरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय फिरवतो, याचे भान ठेवलेले बरे.

भंगाराच्या व्यवहारात छायाचित्राला जवळजवळ किंमत नसते, हेही सांगायला हवे. प्लॅस्टिकचा लेप असलेला फोटोचा कागद रद्दीच्या लगद्यात चालत नाही. उलट जुन्या एक्स-रे फिल्मला वजनावर भाव मिळतो, कारण तिच्यातून चांदी काढता येते. बापाच्या छातीचा एक्स-रे त्याच्या लग्नाच्या फोटोपेक्षा महाग, असा हा हिशेब आहे. पितळ आणि स्टील अर्थातच त्याहून मोलाचे. म्हणून भंगारात लवकर वितळून जाते ते आपले खास मराठी दफ्तर : नाव घातलेली भांडी. लग्नातला हंडा, हळदीकुंकवाचे वाण, कोणाच्या स्मरणार्थ वाटलेले ताट, निवृत्तीच्या दिवशी विभागाने दिलेली कळशी. त्यांवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, तारीख, क्वचित गावही ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते. कारखान्याचा पितळी बिल्ला किंवा डायलवर कंपनीचे चिन्ह असलेले एच.एम.टी.चे घड्याळ यांना निदान शौकीन गिऱ्हाईक तरी भेटते. कळशीला तेही नाही.

हे सारे पिंपरी-चिंचवडच्या संदर्भात का महत्त्वाचे? कारण हे शहर कामगारांनी वसवले, आणि त्यांच्या आठवणी जपण्याची जबाबदारी कोणी आपली मानलेली नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कारखान्यांचा इतिहास कंपन्यांच्या स्मरणिकांत आहे : उद्‌घाटने, उत्पादनाचे आकडे, पाहुणे. १९८९ च्या टेल्कोच्या आंदोलनाची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या संग्रहांत असतील. परंतु आकुर्डीच्या कारखान्यात तीस वर्षे स्कूटर जोडणारा माणूस, ज्याच्या डोळ्यांदेखत बजाजने २००७ मध्ये तेथील उत्पादन थांबवले, त्याचा ओळखपत्रावरचा फोटो, बोनसची पावती आणि निरोपसमारंभाचे समूहचित्र यांचा साठा कोठे आहे? तो भंगारात आहे. त्यातले बरेचसे चिखली-कुदळवाडीच्या वाटेने जात असणार. आणि तेथील गोदामे व लहान उद्योग यांची हजारो बांधकामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. त्या बांधकामांची कायदेशीरता हा वेगळा विषय आहे. या शहराचे दफ्तर ज्यांच्या हातून चाळले जात होते त्या माणसांनाही आपण उठवले, एवढीच नोंद येथे करतो.

मुंबईच्या गिरणगावाचे नशीब त्यातल्या त्यात बरे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये त्याचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. क्रिस्टोफर पिनी या मानवशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातील नागदा या लहानशा कारखानदारी गावात जाऊन तेथील सुहाग स्टुडिओच्या छायाचित्रांचा अभ्यास केला. 'अनोळखी' चेहऱ्यांवर कल्पनेचे इमले त्याने बांधले नाहीत. स्टुडिओचालक सुरेश पंजाबी यांच्या शेजारी बसून तो कोण, कशासाठी, कोणत्या पोझमध्ये हे विचारत राहिला. नागद्याच्या कितीतरी पट मोठ्या असलेल्या आपल्या पट्ट्यात साहित्याचे आणि इतिहासाचे विभाग असलेली महाविद्यालये काही कमी नाहीत.

आक्षेप येईल की कल्पना करणे हा तर साहित्याचा धर्मच. लेखकाने काय कारकुनी करावी? आणि दाखला म्हणून झेबाल्टचे नाव घेतले जाईल. घ्यावे. 'ऑस्टरलित्झ' (२००१) या त्याच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावरील पांढऱ्या पोशाखातल्या मुलाने कित्येक वाचकांना अस्वस्थ केले. पुढे समीक्षक जेम्स वुड याने झेबाल्टच्या कागदपत्रांत ते मूळ कार्ड पाहिले, तेव्हा पाठीमागे शाईने एवढेच लिहिलेले आढळले : 'स्टॉकपोर्ट, ३० पेन्स'. मला हा सगळा प्रसंग झेबाल्टच्या बाजूने जाणारा वाटत नाही. तो मोठा लेखक आहे आणि ज्या संहाराविषयी तो लिहितो तो खरोखर घडलेला आहे, हे खरे. पण त्या मुलाचे स्वतःचे आयुष्य, जे काही असेल ते, एका महान कादंबरीखाली कायमचे झाकले गेले. थोराच्या हातून होते ते आपल्या हातून झाले म्हणजे क्षम्य होते, असेही नाही. बार्थचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. १९८० च्या त्याच्या पुस्तकाचा सारा डोलारा आईच्या बालपणीच्या एका छायाचित्रावर उभा आहे, आणि नेमके तेच छायाचित्र त्याने पुस्तकात छापलेले नाही. आपल्याला जे त्यात दिसते ते परक्या वाचकाला दिसणार नाही, त्याच्या लेखी ते हजारांतले एक ठरेल, हे त्याने ओळखले होते. आपल्या जुन्या बाजारी लेखकाला मात्र परक्याच्या छायाचित्रात सगळेच दिसते.

खरे तर परदेशी जाण्याचीही गरज नाही. वि. का. राजवाडे गावोगावी हिंडले ते असेच टाकाऊ ठरलेले कागद शोधत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला तो वाईला मिळालेल्या पत्रांच्या बळावर. वाळवीने खाल्लेली, वाण्याच्या पुड्यांना जाणारी दफ्तरे पाहून त्यांनाही क्षोभ होई, आणि तो त्यांनी लपवला नाही. पण आधी त्यांनी कागद वाचला. तो कोणाचा, कोठला, कोणत्या रुमालातला हे पाहिले. मग प्रस्तावनेत वाटेल तेवढे तर्क लढवले. त्यांतले कित्येक पुढे चुकीचे ठरले. ते चुकीचे ठरवता आले, कारण साधन जसेच्या तसे जागेवर होते. नाव देऊन, पाठ झाकून, कथेच्या माथ्यावर चिकटवलेल्या छायाचित्राबाबत उद्याच्या अभ्यासकाला ही सोय राहत नाही.

नावे जाहीर करावीत असे मी म्हणत नाही. हयात माणसांची नावे त्यांना न विचारता छापणे हा दुसरा अपराध होईल. पण जपून ठेवणे आणि छापणे यांत अंतर आहे, आणि ते राखणे संग्रहालयांना शतकभर जमत आलेले आहे.

चाकणची पिढी तर एवढाही माग ठेवणार नाही. १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि त्यांच्या आगेमागे आलेल्या कारखान्यांत लातूर-नांदेडपासून बिहारपर्यंतची मुले कंत्राटावर राबतात. त्यांचा निरोपसमारंभ होत नाही; गेटपास ठेकेदाराकडे परत जातो. कारखान्यात मोबाइलचा कॅमेरा चिकटपट्टीने झाकायला लावतात, आणि खोलीवर काढलेले फोटो हँडसेट विकताना पुसले जातात. तीस वर्षांनी त्यांच्यावर हळवे होण्यासाठी जुन्या बाजारात काही मांडलेले नसेल. म्हणून कागदाच्या शेवटच्या पिढीबाबतचा हा निष्काळजीपणा मला अधिकच खुपतो.

ज्यांना बाजारात जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. अल्बम फोडू देऊ नये. घ्यायचा तर अख्खा घ्यावा, त्यातल्या कँटीनसकट. विक्रेत्याला विचारावे, हा माल कोणत्या भागातून आला. तो बहुधा आढेवेढे न घेता एका शब्दात सांगतो : भोसरी, काळेवाडी, मोहननगर, निगडी. तो शब्द आणि त्या दिवसाची तारीख छायाचित्राच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावी. बॉलपेन वापरू नये. दाब पडून अक्षरे पुढच्या बाजूला, चेहऱ्यांवर उमटतात.