यातेंगाचे दगड आणि कंपालाचा कागद

जानेवारी २०२५ मध्ये आफ्रिकी संघाचे नेते युगांडाची राजधानी कंपाला इथे जमले आणि शेतीचा नवा दहा वर्षांचा संकल्प सोडून आपापल्या देशी परतले. २०३५ पर्यंत शेती-अन्नाचे उत्पादन ४५ टक्क्यांनी वाढवायचे आणि त्यासाठी १०० अब्ज डॉलर उभे करायचे, असे ठरले. याआधीचा संकल्प २०१४ मध्ये मलाबोला सोडला होता. त्यानुसार २०२५ पर्यंत आफ्रिकेतली भूक संपणार होती. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, मापुतोला प्रत्येक सरकारने अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा शेतीला द्यायचे कबूल केले होते. तो नेमाने देणारी सरकारे फार थोडी निघाली. भूक संपायच्या आधी मुदत संपली, म्हणून मुदत वाढवून घेतली. पंचवार्षिक योजनांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना यात नवल वाटायचे कारण नाही.

आकड्यांशी आमचे भांडण नाही. खंडाच्या पातळीवर बोलायचे तर आकड्यांतच बोलावे लागते. पण हा आकडा तिथून खाली उतरू लागतो. खंडाचा देशांना वाटून येतो, देशाचा प्रांतांना, आणि गावात पोचेस्तोवर बियाणे कोणते, खताची पोती किती, किती हेक्टरांवर कसला बांध, हे सगळे वरच ठरून गेलेले असते. मग गावाची सभा भरते. सभेचे फोटो निघतात, हजेरीच्या कागदावर अंगठे उमटतात आणि अहवालात ‘लोकसहभाग’ या रकान्यात खूण होते. गावाला विचारले नाही असे कुणी म्हणू शकत नाही. विचारले तेव्हा ठरवायचे काही उरले नव्हते, एवढेच.

याहून वेगळे काय करता येते ते पाहायला बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा प्रांतात जावे. सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या साहेल पट्ट्याच्या काठावरचा हा मोसी लोकांचा मुलूख. पाऊस थोडा आणि लहरी, जमीन वरून भाजलेल्या पापुद्र्यासारखी कडक, पीक ज्वारी-बाजरीचे. म्हणजे सोलापूरकराला ओळखीचा देखावा. (तसे पाहिले तर ही दोन्ही धान्ये आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, तेव्हा ओळख त्यांनी सांगायची आणि आपण घ्यायची.)

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि त्याचे नाव अजून अप्पर व्होल्टा असताना, यातेंगाची धूप थांबवायला युरोपीय पैशावर ‘जेरेस’ नावाचा प्रकल्प आला. अवजड यंत्रे आली. दोन-अडीच वर्षांत सुमारे १,२०,००० हेक्टरांवर मातीचे बांध आणि चर ओढून झाले. गावाला कुणी काही विचारले नाही आणि विचारायला वेळही नव्हता, कारण यंत्राला भाडे असते आणि भाड्याला तारीख असते. माळावरून लोंढा येतो, माती नेतो, म्हणून तो वरच अडवून बाजूला काढून द्यायचा, हा अभियंत्यांचा हिशेब. शेतकऱ्याचा हिशेब नेमका उलटा होता. पाऊस इतका तोकडा की माळावरून वाहून येणारे तेच पाणी त्याची ज्वारी तारून नेत असे. त्याच्या दृष्टीने सरकारने त्याचे पाणी तोडले होते. काहींनी बांध फोडले, बाकीच्यांनी फुटलेले बांध तसेच राहू दिले. थोड्याच वर्षांत बहुतेक काम मातीला मिळाले. हेक्टरांचे उद्दिष्ट मात्र पूर्ण झाले होते.

हे वाचून साहेबाच्या अज्ञानावर हसण्याआधी आपल्याकडचे समपातळी बांध आठवावेत. ते शेताच्या हद्दींची पर्वा न करता वावरे कापत गेले, भारी काळ्या जमिनीत त्यांच्यामागे पाणी तुंबले, आणि कुणी रात्री कुदळ घालून ते कसे मोकळे केले याच्या गोष्टी जुन्या कृषी सहायकांना विचाराव्यात.

मग १९७९ मध्ये ब्रिटनच्या ऑक्सफॅम संस्थेने यातेंगात एक छोटा प्रकल्प सुरू केला. त्याचाही आराखडा तयारच होता. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात झाडांभोवती पाणी साठवणारे छोटे वाफे करतात, तसे इथे करायचे आणि झाडे लावायची. सरकारला झाडे हवी होती, देणगीदारांनाही झाडे हवी होती. शेतकऱ्यांनी वाफे पाहिले, पाणी साठते हे पाहिले, आणि त्यांत धान्य पेरायचे म्हणू लागले. घरात धान्याची कणगी रिकामी असताना रोपट्याला पाणी घालायला कोण बसणार? शिवाय मातीचे वाफे घालण्यापेक्षा दगडांच्या ओळी बऱ्या, असेही त्यांचे म्हणणे पडले. दगड रचायची रीत त्या भागात जुनीच होती. दगडांमधून पाणी झिरपून पुढे जाते, बांध फुटत नाही, गाळ आणि काडीकचरा मागे राहतो.

इथे त्या प्रकल्पाच्या माणसांनी जे केले ते नियोजनाच्या पुस्तकांत क्वचित सापडते. त्यांनी आराखडा बदलला. झाडांचा प्रकल्प ज्वारीचा झाला. बाहेरून आलेल्यांकडे देण्याजोगी एकच गोष्ट उरली होती. गावच्या जुन्या ओळी डोळ्याच्या अंदाजाने घातलेल्या, आणि यातेंगाची जमीन इतकी सपाट की ढाळ डोळ्याला कळत नाही. ओळ जरा चुकली की पाणी एका टोकाला धावून तिथेच घळ पाडते. त्यावर उपाय म्हणून गवंडी वापरतो तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन खुणा केलेल्या काठ्या आल्या. किंमत काही डॉलरांची, शिकायला एक-दोन दिवस पुरे, लिहिता-वाचता येण्याची अट नाही. या नळीने समपातळी शोधून गावोगावच्या माणसांनी स्वतःच्या शेतात दगडांच्या ओळी घातल्या, एकट्याने नाही तर सावडीने. पुढच्या वर्षांत त्या हजारो हेक्टरांवर पसरल्या आणि टिकल्या. जेरेसची यंत्रे आणि ही नळी यांच्यात स्वस्त-महागाचा फरक आहेच. पण नळी शेतकऱ्याच्या हातात होती आणि ओळ कुठून न्यायची हे तो ठरवत होता, ते या फरकाहून मोठे आहे.

त्याच सुमारास वाहिगुया शहराजवळच्या गुर्गा गावात याकुबा सावाडोगो नावाचा शेतकरी ‘झाई’ खड्ड्यांवर प्रयोग करत होता. पावसाळ्याआधी कडक जमिनीत वीतभर खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत टाकायचे, खताच्या वासाने वाळवी येते, ती जमीन पोखरते, पहिला पाऊस त्या भोकांतून आत उतरतो. हेक्टरी दहा हजारांवर खड्डे, आणि तेही उन्हाळ्यात. तंत्र बापजाद्यांचे, खड्डे मोठे करणे आणि खत घालणे ही सुधारणा. १९८४ पासून तो आपल्या शेतावर बाजार भरवू लागला. गावोगावचे शेतकरी बियाणे घेऊन येत आणि झाईवर बोलून जात. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या प्रकल्पाने नायजरमधल्या इलेला भागातले तेरा शेतकरी यातेंगाला आणले. परत जाऊन त्यांनी आपल्या माळावर खड्डे खणले. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि ज्यांनी खड्डे खणले होते त्यांच्याकडे थोडेफार पिकले. त्यानंतर तिथे प्रचाराची गरज उरली नाही. उलट कुणी फुकट घेत नव्हते अशा माळजमिनींना गिऱ्हाईक येऊ लागले. तेरा माणसांच्या गाडीभाड्याने जे झाले ते किती कार्यशाळांनी झाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

आता पैशाविषयी, कारण खरी अडचण तिथेच असते. यातेंगाचे बर्नार लेदेआ वेद्राओगो शिक्षकी पेशातून आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मोसी समाजातल्या तरुणांच्या जुन्या कामकरी मंडळांवर त्यांनी ‘नाम’ गट उभे केले. पुढे फ्रान्सच्या बर्नार लेकोंत यांच्यासोबत ‘सिक्स-एस’ ही संघटना काढली. साहेलमध्ये पावसाळा तीन-चार महिन्यांचा. उरलेला कोरडा काळ कामाला लावायचा, हा तिचा हेतू. तिचे वेगळेपण पैसे देण्याच्या रीतीत होते. देणगीदारांकडून आलेली रक्कम कोणत्या कामाला जाणार हे आधी लिहून द्यायचे नाही. गट ठरवील: विहीर, धान्यकोठी, दगडांच्या ओळी, कोरड्या हंगामातला भाजीमळा. हिशेब मात्र नंतर चोख द्यायचा. स्वित्झर्लंडच्या सरकारी मदत खात्याने आणि जर्मनीच्या मिझेरेओर संस्थेने ही जोखीम घेतली. कामाआधीच कामाचा सगळा तपशील मागणारी प्रकल्पपद्धत गावाला खोटे बोलायला शिकवते. मिळणार आहे ते मागायचे आणि हवे आहे ते गिळायचे. मदतीच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरीही लेखाशीर्षाशिवाय एक पैसा द्यायला कुणी धजत नाही. सिक्स-एस पुढे अनेक देशांत पसरली, जड झाली आणि ओसरली. पण त्या काळात उभे राहिलेले गट आणि घातलेल्या ओळी तिच्याबरोबर नाहीशा झाल्या नाहीत.

म्हणून सगळे गावावर सोडा आणि सरकारने हात झटका, असे कुणी यातून काढू नये. गावातही जोर कुणाचा चालतो हे पाहावे लागते. दगड डोक्यावरून वाहतात बहुतांशी बायका, आणि सुधारलेले शेत असते घरकर्त्या पुरुषाचे. जवळचे दगड संपले की दहा-पंधरा किलोमीटरवरून आणायला ट्रक लागतो. तो कुठल्याच गावकीकडे नसतो. आणि दुष्काळ आला की राज्यसंस्थेला पर्याय नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी १९७० ते १९७३ च्या महाराष्ट्राची त्याच वर्षांतल्या साहेलशी तुलना केली आहे. दरडोई धान्य उत्पादन महाराष्ट्रात साहेलपेक्षाही खाली गेले होते; तरी साहेलमध्ये माणसे भुकेने मेली त्या प्रमाणात इथे मेली नाहीत, कारण ऐन कडाक्यात, १९७३ च्या मे महिन्यात, सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या त्या हातांना मजुरी सरकारनेच दिली. सरकारने काय करावे याची यादी लांब आहे: ट्रक, रस्ता, मजुरी, कायदा. ओळ कुठे घालायची, हे त्या यादीत बसत नाही.

आणि कायद्याचे म्हणाल तर याकुबा सावाडोगोचेच पाहा. झाईच्या जोडीने त्याने वैराण माळावर जंगल उठवले. २०१८ मध्ये त्याला ‘राइट लाइव्हलिहूड’ पुरस्कार मिळाला. पण त्याआधीच वाहिगुया शहराच्या वाढीचा नकाशा तयार झाला होता आणि त्यात त्या जंगलावर घरांचे भूखंड पडले होते. जगाने गौरवलेले जंगल सरकारी कागदावर त्याचे नव्हतेच. डिसेंबर २०२३ मध्ये तो वारला.

आज यातेंगावरचे संकट निराळे आहे. गेली काही वर्षे सशस्त्र जिहादी टोळ्यांच्या भीतीने बुर्किना फासोतली गावेच्या गावे उठली. २०२३ च्या सरकारी आकड्यानुसार देशातल्या देशात २० लाखांवर लोक विस्थापित होते. त्यातले अनेक वाहिगुयासारख्या शहरांच्या आसऱ्याला आले. त्यांच्यासाठीच्या उपजीविकेच्या आराखड्यांत बियाण्याच्या पिशव्या आणि शेळ्या असतात, आणि त्या नकोत असे कोण म्हणेल? परंतु हे सगळे शेतकरी आहेत, खड्डे आणि ओळी त्यांना येतात, आणि अडते ते जमिनीपाशी. तिकडच्या रिवाजात उसनी जमीन कसणाऱ्याने झाड लावले किंवा पक्के काम केले तर तो मालकी सांगू पाहतो असे धरले जाते. म्हणून मालक ते करू देत नाही. आणि करू दिलेच तर जमीन सुधारल्यावर ती परत मागतो. पुढच्या हंगामाचा भरवसा नसलेला माणूस दहा हजार खड्डे कशाला खणेल?

यावर तोडगा काढायची सोय तिथल्या कायद्यात आहे. २००९ च्या ग्रामीण जमीनविषयक कायद्याने गावांना आपली स्थानिक जमीन-सनद स्वतः लिहायचा अधिकार दिला. उसनी जमीन किती वर्षांसाठी, सुधारणेचे श्रम कुणाच्या नावावर, झाड कुणाचे, हे तिच्यात गावाला ठरवता येते. विस्थापितांना आसरा देणाऱ्या गावांनी पाच-सात हंगामांचा करार त्या सनदेत घातला आणि मदत देणाऱ्यांनी बियाण्याआधी त्या बैठकांचा खर्च उचलला, तर उरलेला आराखडा लिहायला राजधानीतून कुणी यायची गरज पडणार नाही. बैठकीला आलेल्या बायकांनाही बोलू द्यावे, कारण दगड त्यांनाच वाहायचे आहेत.