निकाल फिरवा, न्यायाधीशाला फिरवू नका

माननीय सरन्यायाधीश आणि सर्व उच्च न्यायालयांचे माननीय मुख्य न्यायमूर्ती यांस,



मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 19 जानेवारी 2021 चा निकाल कळला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बारा वर्षांच्या मुलीची छाती कपड्यांवरून दाबली, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून तो पोक्सो या बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरोधी कायद्याखालचा लैंगिक हल्ला नव्हे, असे न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी ठरवले आणि आरोपीची तीन वर्षांची शिक्षा एका वर्षावर आणली. निकाल चुकीचाच होता. ॲटर्नी जनरल सर्वोच्च न्यायालयात गेले, आठ दिवसांत स्थगिती मिळाली, 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो रद्द झाला आणि तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम झाली. न्यायव्यवस्थेने आपली चूक खुल्या न्यायालयात, कारणे देऊन दुरुस्त केली. त्या मुलीचे तेवढे देणे होतेच.

दुसरी गोष्ट मात्र बंद दाराआड घडली. गनेडीवालांना कायम करण्याची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, मागे घेतली. त्यांना अतिरिक्त न्यायाधीश म्हणून आणखी एकच वर्ष मिळाले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांना कायम करायलाच हवे होते, असे मी म्हणत नाही. पण कारणे लोकांपुढे सविस्तर आली नाहीत आणि खाली संदेश गेला तो एवढाच: निकाल गाजला की खुर्ची जाते.

जिल्हा न्यायालयांत हा संदेश जास्त जड पडतो. संविधानाच्या अनुच्छेद 235 नुसार तिथल्या न्यायाधीशांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. 2022 मध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायाधीशांनी अटकपूर्व जामीन देताना तक्रारदार स्त्रीच्या कपड्यांवर शेरा मारला. शेरा निंद्य होता. केरळ उच्च न्यायालयाने तो पुढे काढून टाकला. पण त्याआधीच त्यांची कोल्लमच्या कामगार न्यायालयात बदली झाली होती. ती त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला रद्द करावी लागली. त्याच वर्षी पाटणा उच्च न्यायालयाने बिहारमधील अररियाच्या पोक्सो न्यायाधीशांना निलंबित केले. त्यांनी एक खटला एका दिवसात चालवून जन्मठेप सुनावली होती. अशा झटपट निकालांमुळेच कारवाई झाली, असे त्यांचे म्हणणे होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे ती मागे घेतली गेली. एकाचा निकाल मवाळ, दुसऱ्याचा कठोर. टांगती तलवार मात्र दोघांवर.

घाबरलेला न्यायाधीश जामिनाचा योग्य अर्जही फेटाळून वरच्या न्यायालयावर ढकलतो. पुरावा तोकडा असला तरी शिक्षा लिहितो, कारण निर्दोष सोडले तर बातमी होते. ती शिक्षा अपिलात टिकत नाही. मग इतकी वर्षे साक्षी देऊन थकलेली मुलगी दुसऱ्यांदा हरते. शिवाय आज जनक्षोभामुळे बदली होऊ शकते, तर उद्या वजनदार आरोपीच्या सोयीसाठीही होऊ शकते.

योग्य वाट आपणच दाखवली आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन दिला होता. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, आदेशांत काय लिहू नये ते स्पष्ट सांगितले आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणावर भर दिला. निव्वळ आदेश चुकला म्हणून शिस्तभंगाची कारवाई करू नये, हेही त्याच न्यायालयाने 2019 मध्ये बजावले आहे.

म्हणून विनंती आहे. लैंगिक गुन्ह्यातील आदेशानंतर न्यायाधीशाची बदली वा निलंबन करायचे असेल, तर आधी लेखी कारणे द्या आणि त्याचे म्हणणे ऐका. लाचेचा वा पक्षपाताचा पुरावा असेल तर चौकशी जरूर करा. समज कमी पडली असेल तर शिकवा. आणि निकाल चुकला असेल तर तो अपिलात फिरवा, न्यायाधीशाला गावोगाव फिरवू नका. निर्भय न्यायाधीश हा त्या मुलीचाही हक्क आहे.

आपली विश्वासू,
एक नागरिक